शृंगी घुबडाच्या दारात कॅमेरा

दिवाळीची लगबग सरून हवेत गारवा आला, की दख्खनच्या पठारावरील ओस पडलेल्या दगडखाणींतून, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडींतून आणि उघड्याबोडक्या टेकड्यांच्या कपारींतून तिन्हीसांजेला एक घुमारदार आवाज ऐकू येऊ लागतो. ‘बू-बो’ असे त्याचे दोन स्वर. पहिला आखूड, दुसरा लांबवलेला. जवळून ऐकला तर तो फारसा मोठा वाटत नाही, पण शांत माळावर बराच दूरपर्यंत जातो. शृंगी घुबडाच्या विणीचा हंगाम सुरू झाल्याची ही वर्दी असते. पुढचे कित्येक महिने त्या कपारीच्या आसऱ्याने एक अख्खे कुटुंब नांदणार असते.

डिजिटल कॅमेरे आवाक्यात आल्यापासून ही वर्दी शहरांतही पोहोचू लागली आहे. एकेकाळी पक्ष्यांची छायाचित्रे काढणे हा मोजक्या हौशी मंडळींचा खर्चिक छंद होता. छत्तीस चित्रांचा रोल, तो धुवून येईपर्यंतचा धीर आणि त्यातून हाती लागणारी दोन-चार बरी चित्रे, असा तो मामला असे. आता सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे गाडी काढून शहराबाहेर पडणाऱ्यांच्या पाठीवर लांब पल्ल्याच्या लेन्स असतात आणि एका सकाळीत हजारभर छायाचित्रे टिपली जातात. शिकारी पक्ष्यांची कुटुंबे हा यातील सर्वांत मोठा मोह. त्यातही शृंगी घुबडाचा क्रमांक वरचा. त्याचे कारण घुबडाच्या देखणेपणात आहे, तसेच त्याच्या घराच्या पत्त्यातही आहे.

गरुडाचे घरटे उंच झाडाच्या शेंड्याजवळ किंवा तुटलेल्या कड्यावर असते. तेथवर पोहोचणे सोपे नसते. शृंगी घुबड घरटे बांधतच नाही. दरडीतील खोबण, कड्याची एखादी पायरी किंवा झुडपाआडची जमीन एवढे त्याला पुरते. मादी उघड्या मातीवर अंडी घालते. खाली काडी नाही की पीस नाही. जागा पसंत पडली, की तीच वर्षानुवर्षे वापरली जाते. म्हणजे जागा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, जमिनीलगत आणि दर हंगामात तीच. गरुडाच्या दारात जायला दोर लागतात. शृंगी घुबडाच्या दारात माणूस चपला घालून चालत जाऊ शकतो. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

शिंगे, डोळे आणि कान

शृंगी घुबडाचे इंग्रजी नाव इंडियन ईगल आऊल आणि शास्त्रीय नाव ‘बुबो बेंगालेन्सिस’. फ्रँकलिन याने १८३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे बराच काळ ते युरोप-आशियात सर्वत्र आढळणाऱ्या थोरल्या ईगल आऊलचाच एक उपप्रकार मानले जात असे. आता ते स्वतंत्र जातीचे मानतात. उंची साधारण दीड ते पावणेदोन फूट, अंगावर तपकिरी-काळ्या रेघोट्यांची नक्षी, नारिंगी डोळे आणि डोक्यावर दोन बाजूंना उभे पिसांचे तुरे. या तुऱ्यांवरूनच ‘शृंगी’ हे नाव पडले. पुष्कळांना ते कान वाटतात. कान मात्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांखाली दडलेले असतात. तुऱ्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. मात्र घुबडाच्या मनात काय चालले आहे हे सांगण्यात त्यांचा मोठा वाटा असतो, हे छायाचित्रकाराने ध्यानात ठेवलेले बरे.

घुबडाचे डोळे माणसासारखे खोबणीत फिरत नाहीत. ते नळीच्या आकाराचे आणि जागच्या जागी घट्ट बसलेले असतात. त्यामुळे बाजूला पाहायचे तर संपूर्ण डोके वळवावे लागते. मानेत चौदा मणके असल्याने ते डोके दोन्ही बाजूंना सुमारे २७० अंशांपर्यंत फिरवू शकते. पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. ते हवा कापतात आणि उडण्याचा आवाज दबतो. अंधारात उंदराला शेवटच्या क्षणापर्यंत काही कळत नाही ते यामुळे.

उंदीर हेच या पक्ष्याच्या संसाराचे भांडवल आहे. न पचलेली हाडे, केस व पिसे यांची घट्ट गोळी करून घुबड ती तोंडावाटे टाकून देते. इंग्रजीत तिला पेलेट म्हणतात. बसण्याच्या ठरलेल्या जागेखाली अशा गोळ्यांचा खच पडतो. त्या भिजवून, सोडवून त्यांतील कवट्या आणि जबडे ओळखले, की घुबडाने काय खाल्ले याचा हिशेबच हाती येतो. पश्चिम महाराष्ट्रात डॉ. सतीश पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अशा अभ्यासावरील निबंध ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या खाद्यात उंदीरवर्गीय प्राण्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे या अभ्यासातून पुढे आले. शेतातले उंदीर, घुशी हे नेहमीचे. जोडीला पक्षी, सरडे, खेकडे, मोठे कीटक, कधी सशाचे पिल्लू. ज्या शेतकऱ्याच्या बांधाजवळ हे कुटुंब राहते, त्याच्याकडे पगार न घेणारा रात्रपाळीचा रखवालदार असतो असे म्हणायला हरकत नाही. तो रखवालदार मेलेला हवा असणारेही त्याच गावात असतात, ही गोष्ट वेगळी.

कपारीतला संसार

विणीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा लांबलचक असतो. प्रारंभी नर-मादी संध्याकाळी एकमेकांना साद घालतात. साद घालताना गळ्याखालचा पांढरा भाग फुगतो आणि मावळत्या उजेडातही ठळक दिसतो. यथावकाश मादी साधारण तीन-चार अंडी घालते. ती सर्व एकदम घातली जात नाहीत. दोन अंड्यांत काही काळ जातो आणि उबवणे मात्र पहिल्यापासूनच सुरू होते. सुमारे ३३ दिवसांनी पिल्ले बाहेर येऊ लागतात तीही एकापाठोपाठ एक. त्यामुळे एकाच घरट्यातील भावंडांच्या अंगकाठीत चांगलाच फरक असतो. उंदीर मुबलक असतील तर सगळी तगतात. टंचाई असेल तर सर्वांत धाकटे मागे पडते आणि बहुधा मरते. हे निष्ठुर वाटले तरी निसर्गाच्या हिशेबात त्याला कारण आहे. सगळीच उपाशी राहण्याऐवजी एक-दोन धडधाकट वाढावीत, अशी ती तजवीज आहे.

सुरुवातीचे काही आठवडे मादी पिल्लांना सोडून फारशी हलत नाही. शिकार आणण्याची जबाबदारी नराची. तो आणतो, ती लचके तोडून भरवते. अंधार पडण्याचा सुमार हा या घरातला सर्वांत कामाचा वेळ. दिवसभराच्या उपासानंतरची पहिली शिकार त्याच वेळी होते. छायाचित्रकारांनाही नेमका तोच वेळ हवा असतो, कारण दिवसभर डोळे मिटून बसलेले घुबड तेव्हाच दगडावर येऊन बसते, पंख ताणते, जांभई देते. उजेड असतो तो वीस-पंचवीस मिनिटांचा. कपारीसमोर माणसे उभी असतील तर नर शिकार घेऊन आत येण्याचे टाळतो. कॅमेरेवाल्यांच्या दृष्टीने तो पाऊण तास ‘काहीच न घडलेला’ असतो. पिल्लांच्या दृष्टीने तो चुकलेला घास असतो.

पिल्ले महिनाभराची झाली, की या कुटुंबातील सर्वांत गमतीचा काळ येतो. उडता येत नसते, पण पाय खंबीर झालेले असतात. मग ही पांढुरक्या-पिवळसर लोकरीची गाठोडी कपारीतून बाहेर पडून दगडधोंड्यांत, झुडपांत चालत फिरू लागतात. दिवसा वेगवेगळ्या आडोशांना बसतात आणि रात्री आवाज करून आईबापांना आपला ठावठिकाणा कळवतात. उडायला लागल्यावरही ती स्वावलंबी होत नाहीत. शिकार शिकण्यास वेळ लागतो, आणि जवळपास सहा महिने त्यांचा भार आईबापांवरच असतो.

या चालण्याच्या काळातच पुष्कळ पिल्ले माणसांच्या ‘दयेला’ बळी पडतात. दगडावर एकटेच बसलेले पिल्लू दिसले, की ते घरट्यातून पडले, आईने टाकले, असा समज होतो आणि कोणीतरी ते खोक्यात घालून शहरात घेऊन येते. वास्तविक आई शे-दोनशे फुटांवरच्या झुडपातून हे सर्व पाहत असते. पिल्लू जखमी नसेल आणि कुत्र्यांचा धोका नसेल तर त्याला हात न लावता दूर होणे, एवढेच करायचे असते. जखम दिसत असल्यास वन विभागाला कळवावे. खोक्यात घालून घरी नेणे आणि दूध पाजणे हे दोन्ही घातक; पक्ष्यांना दूध पचत नाही.

घुबड उडाले, की काय होते?

घरट्याजवळ माणूस गेला आणि मादी उडाली, तर त्यात एवढे काय मोठे नुकसान, असा प्रश्न विचारला जातो. ती पुन्हा येईलच की! येतेही बहुधा. मधल्या वेळात काय घडते ते पाहिले पाहिजे.

घुबड दिवसा उजेडी उघड्यावर आले, की पहिल्यांदा कावळ्यांना खबर लागते. मागोमाग कोतवाल, साळुंक्या. सगळे मिळून त्याच्यावर धावून जातात, आरडाओरडा करतात. रात्री ज्या पक्ष्यासमोर यातील एकही टिकणार नाही, त्याला ही टोळी दिवसा दरडीपासून दरडीपर्यंत पिटाळते. हा गोंधळ म्हणजे आसपासच्या सर्व भक्षकांना दिलेली दवंडीच. अंडी किंवा लहान पिल्ले तोवर उघडी पडलेली असतात. कावळा, मुंगूस, कोल्हा यांपैकी कोणालाही दोन मिनिटे पुरतात. माणसांच्या पाठोपाठ माळावर येणारी भटकी कुत्री हा आणखी एक धोका.

दुसरी बाब तापमानाची. डिसेंबर-जानेवारीत पठारावर रात्री कडाक्याची थंडी असते. फेब्रुवारी संपता संपता दुपारचे ऊन दगडाला चटके देऊ लागते आणि मार्चमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. मातीवर उघडी असलेली अंडी व पिसे न फुटलेली पिल्ले यांना दोन्ही सोसत नाही. मादी रात्री ऊब देते, तशी दुपारी सावलीही देते. भर दुपारी अर्धा तास ती बाजूला राहिली, तर दगडाच्या त्या खोबणीची भट्टी होते.

पिल्ले असताना शृंगी घुबड सहजासहजी माघार घेत नाही. पंख कमानीसारखे पसरून अंगाचा आकार दुप्पट करणे, चोच कडकड वाजवणे, फुत्कारणे हे झाले धमकावणे. त्यानेही भागले नाही तर जायबंदी झाल्याचे सोंग घेऊन, जमिनीवर लोळत-फडफडत ते माणसाला घरट्यापासून दूर नेऊ पाहते. अनेक छायाचित्रांखाली ‘पंख पसरलेले रुबाबदार घुबड’ अशी ओळ असते. तो रुबाब नसतो. समोरच्या माणसाने आता मागे सरावे, म्हणून चाललेली ती आकांताची धडपड असते. असे छायाचित्र किती जवळून काढले असेल, हे जाणकाराला एका दृष्टिक्षेपात कळते.

अस्वस्थतेची पहिली चिन्हे याहून पुष्कळ सौम्य असतात. निवांत घुबड अंग सैल सोडून बसते. तुरे पडलेले, डोळे मिटलेले किंवा अर्धवट मिटलेले. माणसाची चाहूल लागली, की तुरे ताठ होतात, अंग आक्रसून उभ्या लाकडासारखे होते आणि डोळ्यांच्या फटी राहतात. त्या फटींतून ते सर्व काही पाहत असते. ‘घुबड झोपले आहे, आणखी पुढे जाऊ’ असे ज्याला वाटते, तो याच क्षणी फसतो. पुढच्या पायरीवर डोळे टक्क उघडतात, डोके वरखाली होते आणि मग ते उडते. तुरे ताठ झाले तेथेच थांबणे आणि चार पावले मागे येणे, हा साधा नियम पाळला तर पुढचे काहीच घडत नाही. ठराविक फुटांचे अंतर सांगता येत नाही, कारण रस्त्यालगतच्या खाणीतील जोडी वाहनांना सरावलेली असते आणि आडरानातील जोडी शंभर पावलांवरूनही उडते. अंतर घुबडानेच ठरवायचे असते.

पोकळ बैल आणि गेलेला डोळा

पक्ष्यांना न दुखवता त्यांच्याजवळ कसे जावे, हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. नैसर्गिक अवस्थेतील घरट्याच्या पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. पुढे १९०० च्या सुमारास त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार करवला. छायाचित्रकाराने कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरायचे आणि पक्ष्यांनी त्याला कुरणातला एक बैल समजून दुर्लक्षित करायचे, अशी ती कल्पना. आज हसू येते, पण त्यामागील तत्त्व आजही तेच आहे : पक्ष्याला माणूस दिसता कामा नये, आणि जे दिसेल त्याची त्याला आधीपासून सवय हवी.

पोकळ बैलाची जागा कापडी तंबूने घेतली. हा आडोसा, म्हणजेच ‘हाइड’, घरट्यासमोर एकदम आणून ठेवायचा नसतो. तो प्रथम लांब उभा करतात आणि काही दिवसांत थोडाथोडा पुढे सरकवतात. पक्ष्याने तो मानला नाही तर मागे घेतात. आत शिरण्याचीही एक युक्ती आहे. दोघांनी चालत जायचे, एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने सर्वांदेखत निघून जायचे. पक्ष्यांना मोजदाद जमत नसल्याने माणूस गेला असे समजून ते निश्चिंत होतात. बाहेर पडतानाही दुसऱ्याने येऊन सोबत घेऊन जायचे. यात उघडच खूप वेळ जातो, आणि म्हणूनच सुट्टीच्या एका सकाळीत ‘काम उरकू’ पाहणाऱ्यांना ही पद्धत परवडत नाही.

घुबडाला कमी लेखण्याची किंमत एरिक हॉस्किंग या विख्यात ब्रिटिश पक्षिछायाचित्रकाराने मोजली. १९३७ मध्ये वेल्समध्ये टॉनी आऊल जातीच्या घुबडाचे छायाचित्रण करीत असताना अंधारात घुबडाने त्याच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. टॉनी आऊल हे शृंगी घुबडापेक्षा बरेच लहान असते, हे येथे सांगितले पाहिजे. हॉस्किंगने त्यानंतरही घुबडांचा नाद सोडला नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्याने ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असे नाव दिले.

आजची साधने पाहता घरट्याला खेटून उभे राहण्याचे खरे तर काही कारणच उरलेले नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्स, अंधुक उजेडातही स्वच्छ चित्र देणारे सेन्सर आणि आवाज न करणारे शटर ही सर्व साधने अंतर राखण्यासाठीच आहेत. मोटार हा तर उत्तम हाइड. रस्त्यालगतच्या दरडीसमोर इंजिन बंद करून, काच खाली घेऊन, खिडकीवर धान्याची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली, की घुबड सहसा ढुंकूनही पाहत नाही. तोच माणूस दार उघडून खाली उतरला, की त्याचे तुरे ताठ होतात. माळावर पायी जावे लागत असेल तर समोरच्या काठावर, ओढ्याच्या पलीकडे बसावे. कपारीच्या डोक्यावर जाऊन वरून डोकावणे हा सर्वांत वाईट प्रकार. वरून येणारी सावली घुबडाला अजिबात खपत नाही.

काही गोष्टी मात्र उपकरण कितीही चांगले असले तरी वर्ज्य आहेत. फ्लॅश हा त्यातला पहिला. घुबडाचा डोळा काळोखासाठी घडलेला असतो. झगझगीत प्रकाशाने ते काही काळ दिपते, आणि शिकारीच्या ऐन वेळी दिपलेले घुबड म्हणजे उपाशी कुटुंब. दुसरा, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवणे. हद्दीत परका घुबड शिरला, असे समजून नर हातचे काम टाकून धावतो. तिसरा प्रकार चीड आणणारा. पांढरे उंदीर विकत आणून दगडावर बांधून ठेवायचे आणि झडपेचे छायाचित्र घ्यायचे. पांढरा उंदीर माळावर कधीच नसतो, त्यामुळे ही छायाचित्रे लपत नाहीत. कपारीसमोरची काटेरी फांदी ‘चित्रात आडवी येते’ म्हणून तोडणे हे तर सर्रास चालते. ती फांदी आडवी येत असते ती छायाचित्रकाराच्या नव्हे, तर कावळ्याच्या आणि उन्हाच्या. ड्रोनविषयी वेगळे सांगायला नको. वरून येणाऱ्या सावलीचा उल्लेख आधी आलाच आहे.

कायद्याच्या लेखी ‘शिकार’

कायद्याची एक तरतूद पुष्कळ छायाचित्रकारांना ऐकूनही माहीत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २ (१६) मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. वन्य पक्ष्यांना मारणे, पकडणे एवढ्यापुरतीच ती मर्यादित नाही. त्यांची अंडी किंवा घरटी यांना धोका पोहोचवणे, त्यांना व्यत्यय आणणे हेही त्या व्याख्येत येते. ज्याच्या हाती बंदूक नाही, फक्त कॅमेरा आहे, तोही घरट्यात ढवळाढवळ करीत असेल तर कायद्याच्या भाषेत शिकार करीत असतो. अभयारण्याच्या हद्दीत छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते ती बाब निराळी. शृंगी घुबडांची पुष्कळ ठिकाणे अभयारण्याबाहेर, गायरानात, खासगी खाणीत किंवा शेताच्या बांधावर असतात. तेथे पहारेकरी नसतो, पण कायदा असतो. निसर्ग छायाचित्रणाच्या काही स्पर्धांनी आणि संकेतस्थळांनी घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारायचीच नाहीत असे धोरण ठेवले आहे. हे धोरण काहींना जाचक वाटते. मात्र चांगल्या चित्राला बक्षीस आणि घरट्यातील चित्राला नकार, या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय गर्दी हटणार नाही, हेही तितकेच खरे.

गर्दीइतकाच धोका पत्त्याचा आहे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अनेकदा जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. छायाचित्र पुढे गेले, की पत्ताही पुढे जातो. तो कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अबरार अहमद यांच्या अहवालात भारतातील घुबडांच्या चोरट्या व्यापाराचे विदारक चित्र आले आहे. जादूटोणा आणि बळी यांसाठी घुबडांना मागणी असते आणि दिवाळीच्या सुमारास ती वाढते. कानासारखे तुरे असलेल्या मोठ्या घुबडांना या बाजारात विशेष भाव. लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजायचे आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचाच बळी द्यायचा, असा हा उफराटा व्यवहार.

महाराष्ट्रातील समजुती वेगळ्या आहेत. घुबड घरावर बसले की घरातले माणूस जाते, हा सर्वांत प्रचलित समज. घुबडाला ढेकूळ मारू नये, ते ढेकूळ पाण्यात नेऊन टाकते आणि ते विरघळत जाईल तसा मारणारा झिजत जातो, असेही जुनी माणसे सांगतात. ही एक अंधश्रद्धा मात्र घुबडाच्या पथ्यावर पडणारी म्हटली पाहिजे! भीती घालवण्यासाठी गावातील लोकांनाच घुबड दाखवावे, या विचाराने ‘इला फाउंडेशन’ने पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला आणि २०१९ मध्ये पुण्यात घुबडांविषयीची जागतिक परिषद झाली. ज्या गावात घुबड ‘आपले’ झाले, तेथे शहरातून आलेल्या पाहुण्यांना अंतर राखायला सांगणारी मुलेही तयार होतात, असा यामागील हिशेब.

घुबडाने स्वतः होऊन माणसाच्या खिडकीत संसार थाटल्याचेही उदाहरण आहे. बेल्जियममधील गील या गावी २०२० मध्ये युरेशियन ईगल आऊलच्या मादीने तिसऱ्या मजल्यावरील खिडकीबाहेरच्या कुंडीत अंडी उबवली. तिची तिन्ही पिल्ले काचेला नाक लावून घरातील टीव्ही पाहत असल्याची छायाचित्रे जगभर गेली. काचेच्या आतल्या माणसाने फक्त घरातले आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवले. अंतर वीतभर होते, पण ते घुबडाने निवडलेले होते. दख्खनच्या दगडखाणीत ही निवड करण्याची संधी घुबडाला क्वचितच मिळते.

पावसाळा तोंडावर आला, की पिल्ले हळूहळू पांगू लागतात आणि कपार रिकामी होते. खाली राहतात हाडाकेसांच्या गोळ्या आणि दगडावर ओघळलेले विष्ठेचे पांढरे पट्टे. घरट्याच्या अगदी जवळ जाऊन जागा पाहण्याची, दगडांच्या रचनेची व गोळ्यांची छायाचित्रे घेण्याची, पुढच्या हंगामात मोटार कोठे उभी करायची ते ठरवण्याची वेळ हीच. नेमक्या याच दिवसांत जुन्या खाणी राडारोड्याने भरल्या जातात किंवा पुन्हा सुरुंग लावून चालू होतात, कारण तेव्हा तेथे कोणी राहत असल्याची खूण वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. ज्यांच्याकडे हंगामातील तारीखवार छायाचित्रे आहेत, त्यांनी ती या काळात वन विभागाच्या कार्यालयात नेऊन दाखवली, तर त्या पांढऱ्या पट्ट्यांमागे कोणाचे घर आहे याचा पुरावा नोंदीवर राहतो. नोव्हेंबरात जोडी परतते ती त्याच कपारीकडे.